नव्या गाडीची वाजवी किंमत कोणती?

दसरा किंवा पाडवा जवळ आला की वाहनविक्रेत्यांच्या शोरूममध्ये गर्दी उसळते. मुहूर्ताच्या दिवशी गाडी दारात उभी राहावी, तिला हार घालावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे द्यावेत, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची हौस समजण्यासारखी आहे. तिची किंमत मात्र पुष्कळदा डोळे मिटून मोजली जाते. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ लाख-सव्वालाखाच्या दुचाकीच्या कोटेशनवर मुकाट्याने सही करतो आणि तीन हजारांची सूट मिळाली म्हणून समाधान मानतो. ही सूट त्याच कागदावरील दुसऱ्या एखाद्या ओळीतून वसूल झालेली असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

वाजवी किमतीचा हा प्रश्न आजचा नव्हे. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि नंबर लागलेला माणूस ठरलेल्या किमतीवर 'ऑन' घेऊन गाडी दुसऱ्याच्या हवाली करी. मोटारींच्या किमतींवर त्या काळी सरकारी नियंत्रण होते. कारखानदारांना वाजवी किंमत कोणती मिळावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७१ साली त्याचा निकाल लागला होता. त्या टंचाईत ग्राहकाने किमतीविषयी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. १९९१ नंतर चित्र पालटले. कारखाने वाढले, नमुने वाढले, एकाच शहरात एकाच कंपनीचे चार-चार विक्रेते उभे राहिले. पाठ्यपुस्तकातील अर्थशास्त्रानुसार अशा स्पर्धेत किंमत आपोआप वाजवी पातळीवर यावयास हवी. परंतु स्पर्धेला एक पूर्वअट असते: दोन दुकानांतील किमती ग्राहकाला एकाच मापाने मोजता आल्या पाहिजेत. वाहनांच्या बाजारात नेमके हे मापच गढूळ केले जाते.

जाहिरातीत छापलेली असते ती एक्स-शोरूम किंमत. ग्राहक मोजतो ती 'ऑन-रोड'. या दोहोंमधील अंतरात सर्व गोम आहे. त्यात आरटीओचा कर व नोंदणी शुल्क असते. ते सरकारी असून त्याची पावती मिळते, तेथे घासाघिशीस वाव नाही. त्यानंतर विमा येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा व मोटारीला ३ वर्षांचा तृतीय-पक्ष विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही (गाडी कर्जाऊ असेल तर कर्ज देणारा तो मागतो, ही गोष्ट वेगळी) आणि कोणताही विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे, असे बंधन तर मुळीच नाही. तरीही बहुतेक कोटेशनांत विम्याचा एकच ठोक आकडा असतो. विम्यावर विक्रेत्याला मोबदला मिळतो. तो आकडा एकाच ओळीत कोंबण्याचे कारण शोधावयास फार दूर जाण्याची गरज नाही.

मग येतात 'हँडलिंग चार्जेस'. कारखान्यातून आलेली गाडी पुसूनपासून ग्राहकाच्या स्वाधीन करणे हे विक्रेत्याचे कामच आहे. त्यासाठी कंपनी त्याला नफ्याचा वाटा देते. त्याच कामाचे पैसे ग्राहकाकडून पुन्हा का घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर काउंटरवर सहसा मिळत नाही. विचारले की ती ओळ निघून जाते, असाही अनुभव पुष्कळांना येतो; न विचारणाऱ्याला तीच ओळ भरावी लागते. अखेरीस क्रॅश गार्ड, सीट कव्हर, कोटिंग, वाढीव वॉरंटी यांची यादी येते. हेल्मेटचेही पैसे कधी कधी यादीत असतात. वस्तुतः दुचाकी विकताना उत्पादकाने हेल्मेट पुरवावे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे.

साबणाच्या वडीवर कमाल किंमत छापण्याची सक्ती आहे. वेष्टनातील वस्तू नसल्याने स्कूटरवर ती नाही. अमेरिकेत १९५८ साली सिनेटर मन्रोनी यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यानुसार नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने सुचवलेली किंमत, जोडलेल्या प्रत्येक वस्तूची स्वतंत्र किंमत आणि वाहतूक खर्च लिहिलेला कागद चिकटवावा लागतो. त्यामुळे तेथील घासाघीस संपली नाही, पण ती कोठून सुरू करावयाची हे गिऱ्हाइकाला निदान कळते.

आकडे वेगळे का हवेत, याचे ताजे उदाहरण कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी १ लाख रुपये किंमत असलेली गाडी १,२८,००० ऐवजी १,१८,००० रुपयांना मिळावयास हवी. म्हणजे घट १० टक्के नव्हे, सुमारे ७.८ टक्के. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल, परंतु त्यासाठी करापूर्वीची किंमत समोर असावी लागते. केवळ ऑन-रोड आकडा पाहणाऱ्याला १० हजारांपैकी २ हजार इतर ओळींत मुरले, तर पत्ता लागणार नाही.

कर्जाच्या बाबतीत हा अंधार अधिकच दाट होतो. शोरूममध्ये टेबल मांडून बसलेला वित्त कंपनीचा माणूस 'फक्त १० टक्के' म्हणतो, तेव्हा तो बहुधा 'फ्लॅट' दर असतो. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी, तर व्याज ३० हजार, हप्ता सुमारे ३,६११ रुपये. पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जदाराला खरा वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र करारापूर्वी द्यावे लागते. पगारदार माणसाने तो कागद मागून घ्यावा. गाडीच्या किमतीत मिळवलेली सूट येथे सहज बुडते.

सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपये दंड केला, तो विक्रेत्यांना जादा सूट देण्यापासून रोखल्याबद्दल. आयोगाच्या निष्कर्षानुसार मर्यादेपलीकडे सूट देणाऱ्या विक्रेत्याला कंपनी दंड करी आणि तो सूट देतो काय हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेषात माणसे पाठवली जात. प्रकरणाला सुरुवात झाली ती एका निनावी ई-मेलने, आणि त्यातील तक्रार मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्राचा समावेश असलेल्या विभागाविषयी होती. आदेशाविरुद्ध कंपनीने अपील केले. अशा व्यवस्थेत विक्रेता किंमत उघडपणे उतरवू शकत नाही. तो कमाई विमा, कर्ज व जोडवस्तूंत शोधतो आणि सवलतही तेथेच देतो. काउंटरमागचा पदवीधर तरुणही आपला इन्सेन्टिव्ह त्याच ओळींतून मिळवत असतो.

म्हणून एकूण आकड्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. दोन-तीन विक्रेत्यांकडून प्रत्येक ओळ वेगळी दाखवणारे लेखी कोटेशन घ्यावे आणि विम्याचा दर बाहेर विचारावा. अमुक जोडवस्तू घेतल्याखेरीज गाडी मिळणार नाही, असे बजावणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. त्याविरुद्ध ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते व ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही. वर्षअखेरीस भरघोस सूट मिळत असेल, तर गाडीच्या उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा. जानेवारीत घेतलेली डिसेंबरची गाडी विकताना एक वर्ष जुनी मानली जाते. आणि हे सारे बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी करावयाचे असते. पाडव्याच्या सकाळी हार-पेढे घेऊन घरची मंडळी शोरूममध्ये उभी असताना हँडलिंगच्या ओळीवर बोट ठेवण्याचा धीर कोणालाच होत नाही.