पिवळे स्लीपर

दोस्त हो, आपल्या डोक्यावर एक प्रयोग होऊन गेलाय. आपल्याला कुणी विचारलं नाही, ते सोडा. आपल्याला कोण कधी काय विचारतं?

जागा वडाळा, हार्बर लाइन. साल २००९ संपत आलेलं. तिथं रूळ ओलांडताना माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. पाट्या होत्या, दंड होता, तरी मरत होती. मग फायनलमाइल नावाची मुंबईचीच एक सल्लागार कंपनी आली. मानवी वर्तनाचे अभ्यासक. त्यांनी तीन गोष्टी केल्या. रुळाखालचे काही स्लीपर पिवळेधमक रंगवले. मोटरमनला सांगितलं, एकच लांबलचक हॉर्न देऊ नको, दोनदा तोडून दे. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचे फोटो टांगले. डोळे फाटलेले, तोंड वासलेलं. माणूस अर्थातच नट. खऱ्यांचे फोटो रेल्वे पोलिसांच्या फायलीत असतात.

पिवळ्या रंगामागं शास्त्र आहे. लिबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली लिहून ठेवलं की मोठी वस्तू डोळ्याला आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं. म्हणून माणूस म्हणतो, जातो मी, गाडी लांब आहे. स्लीपर पिवळे असले की ते भराभर गाडीखाली गडप होताना दिसतात आणि वेगाचा अंदाज येतो. हे खोटं नाही. मी डॉकात कंत्राटावर आहे. क्रेनला लटकलेली पोलादाची कॉइल अशी सावकाश, डुलत येते की वाटतं, बिडी विझवून बाजूला होऊ. आणि तेवढ्यात ती डोक्यावर असते. आमच्या मुकादमाला लिबोविट्झ माहीत नाही. तो नुसता आईवरून शिवी देतो आणि माणूस वाचतो.

वडाळ्याला मरणं घटली असं प्रसिद्ध झालं. घटली असतील. एक माणूस जरी संध्याकाळी घरी परतला असेल तर त्या रंगावर मी थुंकणार नाही. माझं भांडण रंगाशी नाही. भांडण त्या प्रश्नाशी आहे जो या विद्वानांनी सुरुवातीलाच गिळून टाकला.

त्यांनी विचारलं, हा माणूस रूळ ओलांडताना चुकतो का? उत्तर सापडलं: त्याच्या मेंदूत गफलत आहे. अरे, पण त्याला रूळ ओलांडावाच का लागतो? १९१० साली कुर्ला ते रे रोड लाइन टाकली, तेव्हापासून हा पूर्वकिनारा लोखंडानं कापून ठेवलाय. पलीकडं बंदराची जमीन, गोद्या, गोदामं, आणि गोदी चालवणाऱ्या माणसांच्या झोपड्या. अलीकडं शाळा, दवाखाना, बाजार. आमच्या बापजाद्यांना वेस होती, आम्हाला रूळ आहेत. पूल लांब असेल, जिना चढून पुन्हा उलटं चालायचं असेल, आणि पाळीला उशीर झाला तर मुकादम खाडा मांडणार असेल, तर डोक्यावर ओझं घेतलेला माणूस कुठून जाईल? मीपण गेलोय. शंभरदा गेलोय. माझ्या मेंदूत काय गफलत नाय, माझा हिशोब पक्का आहे. एका बाजूला रोज बुडण्याची खात्री, दुसऱ्या बाजूला मरण्याची शक्यता. विद्यापीठातल्या कुणीही हे गणित सोडवून बघावं. उत्तर तेच येईल.

आणि या हिशोबाला कायद्यात नाव काय? घुसखोरी. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. गाडीतून पडून मेलेल्या प्रवाशाच्या घरच्यांना आठ लाखांची तरतूद आहे. रूळ ओलांडताना चिरडलेल्याला ती लागू नाही. तो अपघात नव्हे, त्याची वर्तणूक! त्याचं प्रेत चादरीत गुंडाळून उचलायला रोजावर कोणती पोरं बोलावतात, त्यांची जात काय, हा रकाना कुठल्याच सर्व्हेत नसतो. (असला असता तर डॉक्टरेट मिळाली नसती.)

२०१२ साली अनिल काकोडकरांच्या सुरक्षा समितीनं लिहिलं: देशभर रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या लोकलवर. सरकारी अहवालानं याला कत्तल म्हटलं. कत्तल म्हटलं की कत्तल करणारा शोधावा लागतो. पण वर्तनाचं शास्त्र फक्त मरणाऱ्याला तपासतं. ते स्वस्त पडतं म्हणून त्याचं कौतुक. रंगाचा डबा आणि पूल, दोन्हींची किंमत बघा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली, मग लष्कर आलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूल उभा. म्हणजे पूल बांधता येतो, तोही पाच महिन्यांत! इतकी वर्षं पुलाची फाइल दाबून ठेवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास कोण करणार? त्यांना वेगाचा अंदाज येत नाही का? त्यांच्या टेबलाला पिवळा रंग लावून बघा की.

आता नवं तंत्रज्ञान आलंय. बंद दाराच्या एसी लोकल. रेल्वेच्या भाषेत एक शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड: एका चौरस मीटरात १४ ते १६ उभी माणसं. गुरांच्या ट्रकला असा शब्द नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, चार त्याच दिवशी मेली, आणि मग ठरलं की नव्या सगळ्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारं लावायची. बरं. पण दार मिटल्यावर जो बाहेर राहतो त्याचं काय? ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याच्या लोकांनी हाच सवाल रुळावर उतरून केला होता. कारशेडमधून निघालेली एसी गाडी त्यांनी अडवली, कारण ती साध्या गाडीच्या वेळेत घुसवली होती आणि तिचं तिकीट साध्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट. पेपरांनी लिहिलं, प्रवाशांचा उद्रेक. उद्रेक! हिशोब मांडणाऱ्या माणसाला यांच्याकडं दुसरा शब्दच नाही.

कॉलेजात समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, मी मॅट्रिक, मला प्रबंध लिहिता येत नाही. तुम्ही लिहा. एक सोपा विषय देतो. हार्बरच्या प्रत्येक स्टेशनात पूर्वेच्या वस्तीपासून पुलापर्यंत किती पावलं पडतात, ती मोजा. पश्चिमेकडूनही मोजा. डोक्यावर तीस किलोचं पोतं घेऊन मोजा, पोतं मी देतो. शनिवारी दुसऱ्या पाळीनंतर मी मोकळा असतो.