रकाना कोण आखतो?



प्रश्न क्रमांक ११ : सार्वजनिक नळाचं पाणी मिळतं का? होय / नाही.

श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात आम्ही सहा पोरं हा फॉर्म घेऊन गेलो होतो. चाळीस प्रश्न. मुंबईत चाळीच्या गच्चीवर बसून मीच लिहिलेले. बौद्धवाडीत चौतीस घरं. चौतीसही घरांनी सांगितलं, होय. मी खूश. कागद गोळा करून एस्टीची वेळ बघतोय, तर दारात बसलेली एक आजी म्हणाली, ‘‘पोरा, पानी मिलतं का, ता इचारलंस. कवा मिलतं ता नाय इचारलंस.’’

कवा मिळतं? वरच्या आळीच्या टाक्या भरल्या, नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपून झाल्या, की रात्री अकराला. वीस मिनिटं. तेही पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर. मग हे आधी कुणीच का नाही बोललं? कारण ग्रामपंचायतीचा शिपाई आमच्याबरोबर घरोघर फिरत होता. रस्ता दाखवायला म्हणून आम्हीच त्याला घेतला होता.

चौतीस घरांत एकही माणूस खोटं बोलला नाही, आणि तरी माझा फॉर्म खोटा निघाला. त्या दिवशी च्यायला माझी मलाच लाज वाटली. सभेत व्यवस्थेला शिव्या घालणारा मी, आणि माझा कागद त्या वरच्या आळीच्या बाजूनं साक्ष देत होता.

म्हणून या अंकात हा विषय घेतोय. फॉर्म, रजिस्टर, गणना हे कारकुनाचं काम, आपलं काम मोर्चाचं, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. साफ चूक. आपल्या बापजाद्यांना वहीनंच मारलंय. गावची शीव कुठून जाते ते महार सांगायचा. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष चालायची. पण दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. या किनारपट्टीवर खोताचं राज्य. उभ्या पिकाकडे बघून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, त्याला अभावणी म्हणत. अंदाज खोताचा, घाम कुळाचा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कायदे मंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं, ते या वहीच्याही विरोधात होतं.

आणि महाड? तिथल्या नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव केला होता, चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. आमच्या फॉर्मच्या भाषेत, ‘होय’. प्रत्यक्षात तळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, तेव्हा कागदावरचा ‘होय’ किती पोकळ होता ते देशाला दिसलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं तो ठरावच फिरवला. सवर्ण कोर्टात गेले : तळं खाजगी, आणि आमची वहिवाट पुरातन. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानं सांगितलं, तसली पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. एका ‘होय’चा खरेपणा तपासायला दहा वर्षं गेली.

आता रकान्याची करामत बघा. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर, १९६१ साली, २७ लाख ८९ हजार. छाती फुगावी असा आकडा. पण अनुसूचित जातीचा रकाना तेव्हा हिंदू आणि शीखांपुरता. बौद्ध लिहिलं की त्या रकान्यातून नाव बाद. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७.१४ टक्के. १९९० साली कायदा बदलला, बौद्धांना त्या रकान्यात जागा मिळाली. १९९१ साली टक्का ११.०९. पंचेचाळीस लाखांचे सत्याऐंशी लाखांवर गेले. दहा वर्षांत आपल्या बायका दुप्पट बाळंत झाल्या काय? माणसं होती तिथंच होती. रकाना हलला.

गटाराचंही तेच. २०२१च्या जुलैत राज्यसभेत सरकारनं सांगितलं, हातानं मैला उचलण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले, एकेकाळचे पँथर. गटारात, टाकीत गुदमरून माणसं मरत होती, पण त्यांचा रकाना निराळा : ‘धोकादायक सफाई’. २०१३च्या कायद्यात या दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. मेलेला माणूस एकच. पण कुठल्या रकान्यात मेला त्यावर मंत्र्याचं उत्तर ठरतं.

तेव्हा दोस्तांनो, रकाने आपण आखायचे. आम्ही तो फॉर्म फाडला आणि दुसरा केला, त्या आजीला शेजारी बसवून. ‘पाणी मिळतं का’ गेलं. त्याजागी : काल पाणी कुणी भरलं? किती वाजता? किती हंडे? शेवटी कोण राहिलं? ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायची भीती वाटते’ हे तीन वेगळे रकाने केले. तिसरा रकाना भरायला लागला की समजा, तुम्ही खऱ्या गावात पोचलात. डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. नावांची यादी फॉर्मवर नाही, वेगळ्या वहीत, वेगळ्या माणसाकडे. ती यादी उद्या गावगुंडाच्या हाती लागली तर बहिष्कार कुणावर टाकायचा त्याची ती यादी होते. मोबाइलवर भरलं तरी हाच नियम. आणि बेरीज झाली की आधी वाडीत वाचून दाखवायची, मग मुंबईत. माणसं म्हणतील, ‘हे चुकलं.’ ते ऐकून घ्यायचं.

अॅट्रॉसिटीच्या १९९५च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. आपली वही दर तीन महिन्यांनी तयार हवी. पोलिसांचा आकडा म्हणजे नोंदवलेला गुन्हा. न नोंदवलेला कुठे लिहिणार? आपल्या वहीत.

शेवटचं. २०२७च्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च ठरवलाय, आणि १९३१नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजायची आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा गावाकडच्या आईबापाशेजारी तुम्ही बसा. काय लिहिलं ते डोळ्यांनी बघा. धर्म बौद्ध. जातीच्या रकान्यात, दाखल्यावर आहे ती. ते लिहिताना माझ्याही पोटात ढवळतं. जी जात आम्ही गाडायला निघालो ती आम्हीच उच्चारायची! पण विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा जनगणनेच्या आकड्यावर ठरतात. १९६१, ७१, ८१ अशी तीन दशकं आपण रकान्याबाहेर उभे होतो, त्याची किंमत भरलीय. मन मारून लिहा, पण लिहा.

मी परत त्या गावात जाणार आहे. रात्री अकराला. शिपायाला न घेता.

जयभीम!