वणवा विझला, तरी खांब का धुमसतो?

ऑस्ट्रेलियात वणवा शमल्यावरही कुंपणाचे, द्राक्षमळ्यांचे काही खांब तासन्‌तास धुमसतात आणि त्यांची राख होते. असं का होतं?

वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची संयुगं मुरवलेली असतात. साध्या लाकडाचा कोळसा ज्वाळा गेल्यावर सहसा विझतो. इथे तांबं आणि क्रोमियम उत्प्रेरक ठरतात, म्हणजे कमी तापमानालाही कोळसा जळत ठेवतात.

खरा धोका पुढेच आहे. त्या राखेत या तीन घटकांचं प्रमाण वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. खेळाची साधनं, घराचे डेक यांसाठी तिथे २००६पासून या लाकडावर निर्बंध आहेत. कुंपणाला मात्र ते चालतं. त्यामुळे वणव्यानंतर मुलं आणि गुरं या राखेपासून दूर ठेवणं गरजेचं आहे.