रिपोर्ट नॉर्मल आले, पण माणूस?

घरातलं माणूस महिना-दोन महिने गप्प गप्प झालं, अन्नावरची वासना उडाली, पहाटे तीनलाच जाग यायला लागली, की आपण त्याला लॅबमध्ये नेतो. पॅकेजमधल्या झाडून साऱ्या तपासण्या होतात. रिपोर्ट नॉर्मल! मग घरात सुरू होतं, ‘काही झालेलं नाही याला. रानात पाठवा, होईल सरळ.’

सातारा-सांगलीकरांनो, इथंच घात होतो. डिप्रेशन किती आहे हे सांगणारी रक्ताची खात्रीलायक तपासणी आज मिरजेतही नाही आणि मुंबईतही नाही. प्रयत्न झाले. १९८१ साली अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोनची गोळी देऊन रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायची तपासणी मांडली. गाजली खूप. पण कित्येक रुग्णांत ती नॉर्मल यायची, आणि वजन घटलेल्या किंवा नुकतीच दारू सोडलेल्या माणसात बिघडलेली. शेवटी मागे पडली.

मग डॉक्टर रक्त का तपासतात? थायरॉईड मंदावलं, हिमोग्लोबिन उतरलं, बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो. ते सापडलं तर त्याचा इलाज वेगळा. म्हणून तपासणी जरूर करा. फक्त तिच्यावरून दुःख खरं की खोटं ते ठरवू नका.

तीव्रता कळते ती विचारून. पीएचक्यू-९ हा नऊ प्रश्नांचा कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. बेरीज कितीही कमी असो, तिथं ‘होय’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे द्या. विचारल्यानं तसले विचार डोक्यात शिरतात, ही भीती खोटी आहे.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. तिथं मानसोपचाराची ओपीडी विचारा. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन लावा, ही टेली-मानस हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि ओपीडीत रुग्णासोबत कुणीतरी आत जा. रुग्ण हमखास ‘मी बरा आहे’ म्हणतो. रात्री किती झोपतो, किती जेवतो, हे सोबतच्यानं सांगायचं.