बावीस श्रुती आणि दशांशचिन्हाचा मोह

भरतमुनींनी दोन हजार वर्षांपूर्वी बावीस श्रुतींच्या अचूक कंपनसंख्या काढून ठेवल्या, पाश्चात्त्यांना मात्र बाराच स्वर ठाऊक होते, अशा आशयाचा एक तक्ता समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. श्रुतींची बावीस नावे, प्रत्येकीपुढे एक अपूर्णांक, त्यापुढे दोन दशांशस्थळांपर्यंत हर्ट्झ, आणि खाली भरताचे किंवा शार्ङ्गदेवाचे नाव. तक्ता दिसायला सुबक असतो. तो भरताचाही नाही आणि शार्ङ्गदेवाचाही नाही. त्याचे वय दीडशे वर्षांहून अधिक नाही आणि त्याचे आजचे रूप बव्हंशी सांगली-साताऱ्याकडे घडलेले आहे.

आधी मूळ ग्रंथात काय आहे ते पाहणे इष्ट. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात भरत दोन सारख्या वीणा घ्यायला सांगतो. दोन्ही षड्जग्रामात लावायच्या. एक अचल ठेवायची, दुसरी चल. चल वीणेवरचा पंचम किंचित उतरवून मध्यमग्रामाचा करायचा, मग त्या पंचमाला धरून बाकीचे स्वर पुन्हा षड्जग्रामात आणायचे. सगळी वीणा एका श्रुतीने उतरली. पुन्हा उतरवले की चल वीणेवरचे गांधार-निषाद अचल वीणेवरच्या ऋषभ-धैवतांत मिळून जातात. म्हणून ते दोन-दोन श्रुतींचे. तिसऱ्या वेळी ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांत मिळतात. ते तीन-तीन श्रुतींचे. चौथ्या वेळी षड्ज, मध्यम, पंचम आपापल्या खालच्या स्वरांत मिळतात; ते चार-चारांचे. चार, सहा आणि बारा मिळून बावीस.

हा प्रयोग बुद्धीला थक्क करणारा आहे, आणि तो तसा आहे याचे कारण त्यात मोजपट्टी नाही. कान आहे. दोन स्वर एकमेकांत मिळाले की नाही, एवढाच निर्णय साधकाने करायचा आहे. पंचम ‘किंचित’ उतरवायचा तो नेमका किती, याचे उत्तर भरताने अंकात दिलेले नाही. सर्व श्रुती समान की असमान, हेही तो स्पष्टपणे सांगत नाही. म्हणूनच तर विद्वानांचा वाद शतकभर चालला. समान धराव्यात तर सा-प हे तेरा श्रुतींचे अंतर शुद्ध पंचमाहून किंचित मोठे होते आणि सा-म हे नऊ श्रुतींचे अंतर तेवढेच लहान. असमान धराव्यात, तर ‘एक श्रुती’ हे माप प्रत्येक पायरीला वेगळे ठरते. ज्या ग्रंथातून हे दोन्ही अर्थ काढता येतात, त्याच्या नावावर दोन दशांशस्थळे खपवणे हा त्या ग्रंथाचा गौरव नव्हे.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने. भरतापाशी सेकंद नव्हता आणि त्याला त्याची गरजही नव्हती, कारण त्याचा षड्ज कोणत्याही ठरावीक उंचीला बांधलेला नाही. युरोपातही स्वराची प्रत्यक्ष कंपने मोजण्याचे प्रयत्न सतराव्या शतकातले, मेर्सेनच्या काळचे. षड्जाला २४० कंपने धरून पुढचे गणित मांडण्याची रीत आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुस्तकांतून रुळली.

आता शार्ङ्गदेव. त्याचा आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला; वडील सोढल यादवांच्या पदरी होते; शार्ङ्गदेव स्वतः देवगिरीच्या सिंघणाच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिपती होता. ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात, आजच्या दौलताबादेत लिहिला गेला. ग्रंथकाराचा पेशाच आकडेमोडीचा. त्याच दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. अपूर्णांक हवे असते तर ते मागायला शार्ङ्गदेवाला फार लांब जावे लागले नसते. स्वतः त्याला गणिताचे वावडे होते असेही नाही. सात स्वरांच्या क्रमबदलांनी ५,०४० ताना होतात हे तो सांगतो, आणि त्यांतली अमुक क्रमांकाची तान कोणती हे काढण्यासाठी खंडमेरू नावाचे कोष्टक देतो. तालाध्यायातले प्रस्तारही असेच काटेकोर आहेत.

आणि श्रुतींच्या प्रकरणी हाच हिशेबनीस काय करतो? हृदयात ऊर्ध्वनाडीला जोडलेल्या बावीस आडव्या नाड्या आहेत, वायूच्या आघाताने त्यांतून उत्तरोत्तर उंच नाद उमटतो, कंठात आणि मस्तकात हीच रचना पुन्हा आहे, असे तो सांगतो. मग प्रत्यय यावा म्हणून बावीस तारांची वीणा लावायला सांगतो. प्रत्येक तार मागच्या तारेपेक्षा इतकीच चढी, की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. कोष्टके मांडण्याची हौस असलेल्या माणसाने येथे एकही गुणोत्तर दिलेले नाही. यावरून निष्कर्ष एकच निघतो : त्याच्या लेखी श्रुती ही गुणोत्तराची बाब नव्हती. ती देहाची आणि कानाची होती. तक्तेवाले या बावीस नाड्यांचा उल्लेख सहसा करीत नाहीत. त्या गाळल्या की शार्ङ्गदेव ‘वैज्ञानिक’ दिसतो, ठेवल्या की योगशास्त्राचा जाणकार दिसतो, आणि तो खरोखर तसाच होता.

बावीस हा आकडा तरी निर्विवाद होता काय? मतंगाच्या ‘बृहद्देशी’त श्रुतीसंबंधीची मते नोंदवलेली आहेत. कोणी श्रुती एकच मानतो, कोणी दोन, कोणी तीन, कोणी बावीस, कोणी सहासष्ट, तर कोणी अनंत. प्राचीनांचे एकमत म्हणून जे मिरवले जाते, त्यावर प्राचीनच आपसात वाद घालीत होते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना खरे तर याचाच अभिमान वाटायला हवा.

तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगणारे संस्कृत ग्रंथही आहेत, पण ते सतराव्या शतकातले : अहोबलाचे ‘संगीतपारिजात’, हृदयनारायणाचे ग्रंथ. येथे माप आहे, तार आहे, भागाकार आहे. मात्र मापली आहेत ती सात शुद्ध आणि काही विकृत स्वरांची स्थाने. बावीसही श्रुतींची नव्हेत. मोजायचे मनात आल्यावर आपल्या पूर्वजांनी मोजले, आणि जे गाण्याबजावण्याला लागत होते तेवढेच मोजले.

पाश्चात्त्यांच्या बारा स्वरांबद्दल दोन वाक्ये पुरेत. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकातच तारेच्या लांबीची गुणोत्तरे सविस्तर दिली आहेत, आणि सोळाव्या शतकातल्या विचेंतिनो या इटालियनाने सप्तकाचे एकतीस भाग वाजवता येतील असे वाद्य बनवले होते. त्यांच्या इतिहासाविषयीचे अज्ञान आपल्या इतिहासाचे भूषण होऊ शकत नाही.

मग तक्ता आला कोठून? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. आधुनिक ध्वनिशास्त्रातली शुद्ध गुणोत्तरे घेऊन त्यांनी ती भरत-शार्ङ्गदेवांच्या बावीस घरांत बसवली. सनदी सेवेतले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले. १९१३ साली त्यांचेही पुस्तक निघाले आणि बावीस श्रुतींची हार्मोनियम इंग्लंडात तयार झाली. देवल कष्टाळू आणि प्रामाणिक होते. त्यांनी आपले प्रयोग लपवले नाहीत, आणि त्या प्रयोगांत त्यांनी प्रमाण मानला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा.

हे नीट ध्यानात घ्यावे. किराणा घराण्याच्या, पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या एका मुसलमान गायकाचा विसाव्या शतकातला स्वर. एका मराठी अधिकाऱ्याचे गणित. एका इंग्रज अधिकाऱ्याचे यंत्र. आणि युरोपीय ध्वनिशास्त्राची गुणोत्तरे. एवढ्यांच्या मेहनतीतून जे निघाले त्यावरची सगळी नावे पुसून वर फक्त भरतमुनींचे नाव टाकले जाते. प्राचीनतेच्या नावाखाली झालेली ही उचलेगिरी आहे, आणि तिच्यात सर्वांत आधी कोणाचे नाव पुसले गेले हे निराळे सांगायला नको.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी या मांडणीला कडाडून विरोध केला. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न गाजला आणि देवल-क्लेमेंट्स यांच्या मांडणीवर शिक्कामोर्तब झाले नाही. भातखंड्यांची भूमिका रोखठोक होती : आजचे हिंदुस्थानी संगीत रत्नाकरातल्या संगीताहून वेगळे आहे, त्या ग्रंथातले राग आज नावापलीकडे ओळखता येत नाहीत, आणि प्रचलित संगीताचे शास्त्र प्रचारातूनच उभारले पाहिजे. हे म्हणायला त्या काळी धैर्य लागत होते. आजही लागते.

तथापि बावीसचा मोह त्यांनाही सुटला नाही. जुन्या ग्रंथांत स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. त्यामुळे तेथील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे निघते. भातखंड्यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर बसवला, की झाले, शुद्ध सप्तक बिलावलाचे! प्राचीन शास्त्र प्रचाराला लागू पडत नाही असे म्हणणाऱ्या पंडितानेच त्याची खुर्ची एक घर सरकवून ते लागू पाडले. त्यांच्या एरवीच्या कठोर पद्धतीत ही तडजोड डोळ्यांत खुपते.

हा वाद पोथीपुरता राहिला असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण या आकड्याने माणसांच्या पोटावर पाय दिला. हार्मोनियमच्या ठरीव पट्ट्यांतून श्रुती निघत नाहीत, म्हणून ते वाद्य अभारतीय, असा सूर लागला. ऑल इंडिया रेडिओवरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख, इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये या वाद्यावर टीकास्त्र सोडले; १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीतही ती कायम राहिली, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी अंशतः उठली. सुमारे तीन दशके.

ज्या महाराष्ट्रात नाट्यपदांची अवघी घडण पेटीवर झाली, ‘संगीत मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातले अग्रणी होते, गावोगावची भजने पेटीवर उभी होती, तेथल्या वादकांना राष्ट्रीय नभोवाणीचे दार बंद झाले. पेटीवर मींड निघत नाही, तिचा गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा चढा लागतो, हे आक्षेप रास्त आहेत. कोणताही जाणता गवई ते दोन मिनिटांत कानाने पटवून देईल. त्यासाठी बावीस श्रुतींची ग्वाही काढण्याची गरज नव्हती. ग्वाही काढली, ती वाद्याला परके ठरवण्यासाठी.

दरम्यान कोणी प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे स्वर मोजून पाहिले काय? पाहिले. नझीर जयराझभॉय आणि स्टोन यांचा शोधनिबंध १९६३ साली लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात आला. एकाच स्वराची उंची कलावंतागणिक बदलते, एकाच कलावंताच्या एकाच वादनातही बदलते, असे त्यांना आढळले. साठ वर्षे उलटली. तक्ता बदललेला नाही.

या सगळ्यात खरी हानी झाली ती वाचनाची. मंगेश रामकृष्ण तेलंगांनी संपादिलेला ‘संगीतरत्नाकर’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये दोन भागांत छापला. सात अध्यायांचा हा ग्रंथ. त्यातली पहिल्या अध्यायातली थोडी पाने सव्वाशे वर्षे घासून गुळगुळीत झाली. प्रेमलता शर्मांसारख्या विदुषींनी मूळ ग्रंथांची संपादने-भाषांतरे करण्यात हयात घालवली. त्यांचे नाव तक्ता पुढे पाठवणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? वाद्याध्यायात वाद्ये कशी घडवायची याचे बारकावे आहेत : लाकूड, चामडे, तारा, मापे. होय, येथे मापे आहेत, अगदी बोटांच्या हिशेबात.

आणि प्रबंधाध्यायात गीतप्रकारांच्या गर्दीत ओवी आहे. देवगिरीच्या दरबारातला, काश्मिरी वंशाचा पंडित मराठी मुलखातली ओवी संस्कृत शास्त्रग्रंथात नोंदवतो. त्याच्या शंभर वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त लिहून ठेवले आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. मराठी गाण्याविषयीच्या अगदी जुन्या लेखी साक्षींपैकी ही एक. तिच्यात हर्ट्झ नाहीत, श्रुती नाहीत, उखळ आणि मुसळ आहे. तिचा तक्ता अजून कोणी केलेला नाही.