सोडून आलेल्यांची साक्ष

सायंटॉलॉजी हा पंथ सोडून आलेला माणूस बोलू लागला की त्याच्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला संस्थेचा: हा कडवटलेला आहे, सूडापोटी बोलतोय, याचं काय ऐकायचं? दुसरा बाहेरच्या शहाण्यासुरत्या माणसांचा: कुणी बांधून ठेवलं होतं का? दार उघडं होतं, मग इतकी वर्षं राहिलास कशाला? पहिल्यातला पोकळपणा चटकन दिसतो. दुसरा चिवट आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

पहिल्या आक्षेपाला विद्वत्तेचा आधारही मिळाला आहे. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विल्सन यांचं मत असं, की पंथ सोडणाऱ्याला आपल्या पूर्वायुष्याचं समर्थन करायचं असतं, म्हणून तो आपण फसवले गेल्याची कहाणी रचतो; त्याच्या साक्षीवर विसंबू नये. सोडून आलेल्याचा स्वार्थ असतो, हे कबूल. आत राहिलेल्याचा नसतो? माइक रिंडर लहानपणापासून सायंटॉलॉजीत वाढले आणि पुढे तिचे मुख्य प्रवक्ते झाले. प्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज मारहाण करतात का, असं 2007 साली बीबीसीच्या जॉन स्वीनी यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षी ते बाहेर पडले, आणि आपण तेव्हा खोटं बोललो, आपल्यालाही मार बसला होता, असं पुढे सांगू लागले. चर्च ऑफ सायंटॉलॉजी मारहाणीचा इन्कार करतं आणि रिंडर यांना खोटारडं म्हणतं. म्हणू द्या. पण मग हा खोटारडा इतकी वर्षं कुणाच्या वतीने बोलत होता?

शिवाय सगळा भरवसा आठवणींवर नाही. संस्थेच्या ‘सी ऑर्ग’ या सेवकदलात जाताना अब्ज वर्षांच्या सेवेचा करार करावा लागतो. तो करार हा कुणा दुखावलेल्याचा कल्पनाविलास नव्हे. सरकारी कचेऱ्यांत घुसून कागद पळवल्याच्या प्रकरणात एफबीआयने 1977 साली संस्थेवर छापे घातले, आणि पुढे अकरा जण दोषी ठरले. त्यांत संस्थापक एल. रॉन हबर्ड यांची पत्नी मेरी स्यू होती.

साक्षीदार संत असला पाहिजे, असाही एक छुपा आग्रह असतो. ऑस्करविजेते दिग्दर्शक पॉल हॅगिस यांनी 2009 साली सायंटॉलॉजी सोडली. माणसं तोडायला लावण्याचं, म्हणजे ‘डिस्कनेक्शन’चं, धोरणच नाही असं संस्थेच्या एका प्रवक्त्याने सीएनएनवर सांगितलं होतं, आणि हॅगिस यांच्या पत्नीला तर स्वतःच्या आईवडिलांशी संबंध तोडावे लागले होते. याच हॅगिस यांना 2022 साली न्यूयॉर्कच्या एका दिवाणी खटल्यात ज्यूरीने बलात्काराबद्दल जबाबदार धरलं. माणूस म्हणून त्यांच्याविषयी काय वाटायचं ते वाटो. पण त्यांच्या पत्नीला आईवडिलांशी संबंध तोडावे लागले, हे काही त्या निकालाने खोटं ठरत नाही.

आता ते उघडं दार. मार्क आणि क्लेअर हेडली हे दोघे सोळाव्या वर्षी सी ऑर्गमध्ये गेले, 2005 साली पळाले आणि सक्तीच्या श्रमांबद्दल त्यांनी दावा लावला. 2012 साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. निघून जायच्या संधी त्यांना होत्या, सोडून जाणाऱ्याशी संबंध न ठेवण्याचा चर्चला हक्क आहे, आणि तशी आगाऊ जाणीव देणं म्हणजे धमकी नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या चौकटीत हे बसत असेलही. पण राहणं संस्थेच्या आवारात, हातात आठवड्याला पन्नासेक डॉलर, ओळखीचं प्रत्येक माणूस आतलं. निघालात की तोवर फुकट मिळालेल्या शिक्षणाचं बिल, वर ‘सप्रेसिव्ह पर्सन’, म्हणजे संस्थेचा वैरी, हा शिक्का, आणि त्या शिक्क्यापाठोपाठ आई, भाऊ, नवरा सगळे गप्प. मिस्कॅव्हिज यांची पुतणी जेना हिने तो अब्ज वर्षांचा करार सातव्या वर्षी केला, असं तिने आपल्या आत्मकथेत लिहिलंय. सात वर्षांच्या पोरीला दार कुठलं आणि भिंत कुठली?

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. वाळीत टाकण्याला आळा घालणारा कायदा मुंबई प्रांताने 1949 साली केला. दाऊदी बोहरा प्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो रद्द केला. धर्मसंस्थेचा शिस्तीचा हक्क वरचढ ठरला. पुढे रायगडातली वाळीत प्रकरणं गाजली आणि 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. वाळीत पडलेल्याला गाव सोडून जायला कुणी अडवलेलं नसतं, आणि तरी तो गुन्हा आहे, इथवर आपण येऊन पोहोचलो. माझं मत त्याच बाजूचं आहे. संस्थेने सभासदत्व खुशाल काढून घ्यावं. आईने मुलाशी बोलावं की नाही, हे ठरवणारी ती कोण?

मूर्खच अशा ठिकाणी अडकतात, हा समजही या साक्षींनी खोटा पाडला आहे. सोडून आलेल्यांतले प्रामाणिक लोक तिथलं बरंही सांगतात. डेव्हिड यांचे वडील रॉन मिस्कॅव्हिज 2012 साली बाहेर पडले. पण मुलाचा दमा ‘ऑडिटिंग’ने, म्हणजे मन मोकळं करायला लावणाऱ्या तिथल्या बैठकीने, उतरला, अशी आपली खात्री झाली होती आणि म्हणून सगळं कुटुंब त्यात गेलं, हे त्यांनी दडवलं नाही. समोरचा माणूस तासभर मधे न बोलता फक्त आपलंच ऐकतोय, ही चैन बाहेर किती जणांना मिळते? पुढे तेच मन मोकळं करणं फायलीत नोंदलं जातं, हे कळेपर्यंत माणूस पुष्कळ आत गेलेला असतो. सुख आणि फास दोन्ही सांगणारी साक्ष मला निव्वळ शिव्याशापांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. सूडासाठी बोलणारा सुखाचा भाग आधी गाळतो.

क्लेअर हेडली पुढे आफ्टरमाथ फाउंडेशनच्या कामात उतरल्या, रिंडरही जानेवारी 2025 मध्ये वारले तोवर त्याच कामात होते. सायंटॉलॉजी सोडू पाहणाऱ्यांना ही संस्था हात देते. त्यांना लागतं ते अगदी साधं: डोक्यावर छप्पर, चार पैसे, नोकरी, शिक्षण. चाळिशीत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच नोकरीचा अर्ज भरायचा असतो, आणि आधीच्या मालकाचं नाव या रकान्यात काय लिहायचं, तिथे तो अडतो.