पहिली गिटार आणि घरची शांतता

घरांत नवें वाद्य यावयाचें म्हणजे त्याच्याबरोबर दोन प्रश्न येतात. एक पैशाचा आणि दुसरा कानांचा. पेटी, तबला, तंबोरा हीं वाद्यें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदलेलीं असल्यामुळें तीं पारखणारा कोणी तरी वडीलधारा घरांत सांपडतो आणि त्यांचा आवाज सर्वांच्या अंगवळणीं पडलेला असतो. गिटारचें तसें नाहीं. शाळेंतली मुलगी किंवा महाविद्यालयांत जाणारा मुलगा 'मला गिटार शिकावयाची आहे' असें म्हणूं लागला, कीं दुकानांतील सर्वांत चकचकीत गिटार आणली जाते. दोन महिने घरांत 'अरे, पुरे कर आतां!' हे शब्द ऐकूं येतात आणि मग ती गिटार कपाटावर जाऊन बसते. 'याच्यांत चिकाटीच नाहीं' हा शिक्का मात्र मुलावर कायमचा बसतो. पुष्कळदां हा शिक्का अन्यायाचा असतो. कमी असते ती चिकाटी नव्हे. चुकीचें वाद्य आणि ठरलेल्या वेळेचा अभाव हीं दोन कारणें तेथें असतात. दोन्ही दूर करणें वडीलमंडळींच्या हातीं आहे, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

'हें परकें वाद्य कशाला?' असा आक्षेप एखादे आजोबा घेतील. त्यांस नम्रपणें सांगावें, कीं आपली पेटी युरोपांतून आली आणि व्हायोलिनही तेथूनच आलें. गिटारवरही आपला राग वाजला आहे. ब्रिजभूषण काबरा यांनीं ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूचा तुकडा फिरवीत मींड काढली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ सालीं त्यांनीं केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक घरांत असेल. विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारचेंच रूप पालटून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्यें त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तेव्हां वाद्याची जात न विचारतां त्याचा गुण पाहावा, हें बरें.

विजेवांचून वाजणाऱ्या गिटारच्या मुख्य जाती दोन. नायलॉनच्या तारांची आणि पोलादी तारांची. पहिली स्पेनची. तिचें आजचें रूप आंतोनियो दे तोर्रेस या एकोणिसाव्या शतकांतील कारागिरानें ठरविलें. तिच्यावर पूर्वीं तांत लावीत. दुसऱ्या महायुद्धांत तांत मिळेनाशी झाली, तेव्हां १९४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनीं नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोव्हिया या थोर वादकानें त्यांचा पुरस्कार केला. हिच्या तीन जाड तारांवर धातूचा वेढा असतो. तो पाहून ती पोलादी तारांची आहे, असें समजूं नये. दुसरी जात अमेरिकेंत वाढली. तेथील मार्टिन कारखान्यानें १९१६ मध्यें एका पेढीकरितां रुंद व खोल पोटाची गिटार घडविली आणि तिला 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेचें नांव मिळालें. आज दुकानांत सर्वांत अधिक दिसतो तो हाच आकार. युद्धनौकेचें नांव धारण करणारें वाद्य तीन खोल्यांच्या घरांत आणावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें!

एकत्र कुटुंबांतील नवशिक्यास आमची शिफारस नायलॉनच्या तारांची. कारण सरळ आहे. पोलादी गिटारच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारें सत्तर किलो भरतो. नायलॉनचा सुमारें चाळीस. त्यामुळें कोवळ्या बोटांस ती कमी टोचते आणि तिचा आवाजही मृदु असतो. तिची दांडी रुंद असते, हीच काय ती अडचण. पूर्ण मापाच्या गिटारवर तारेची मोकळी लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. दहा वर्षांच्या आंतील मुलास तीनचतुर्थांश मापाची घ्यावी. फक्त गाण्याबरोबर साथ करावयाची असेल आणि पोलादी तारांचाच हट्ट असेल, तर लहान पोटाची घेऊन तिच्यावर बारीक तारा चढवाव्या. परंतु नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधींही चढवूं नयेत. त्या ताणानें घोडी उखडते व दांडी वांकते.

दुकानांत गेल्यावर रंगापेक्षां पुढील गोष्टी पाहाव्या. बाराव्या पडद्यावर जाड तार पडद्यापासून किती उंच आहे, तें पट्टीनें मोजावें. पोलादी तार अडीच मिलिमीटरच्या आसपास व नायलॉनची चारच्या आसपास असावी. याहून फार उंच असल्यास तार दाबतांना बोट सोलून निघतें, आणि मूल वाद्य सोडतें तें बहुधा येथेंच. मोकळ्या तारेस 'सा' मानून बाराव्या पडद्यावर ती दाबावी. बरोबर वरचा 'सा' निघाला पाहिजे. तसा न निघाल्यास तें वाद्य कितीही जुळविलें तरी बेसूर राहील. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी व कोठें खरखर होते काय, तें पाहावें. दांडीच्या कडेवरून तळहात फिरवावा. पडद्यांचीं टोकें टोचतां कामा नयेत. घरांत कोणास वाजवितां येत नसेल, तर जाणत्या माणसास बरोबर न्यावें. आणि अर्थसंकल्पांतील कांहीं रक्कम राखून ठेवावी. तारांची उंची कारागिराकडून नीट बसवून घेण्यांत गेलेला पैसा नक्षीकामांत गेलेल्या पैशापेक्षां सत्कारणीं लागतो.

अखंड लाकडाच्या तक्त्याची गिटार अधिक गोड बोलते हें खरें. पण मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत लाकूड फुगतें आणि उन्हाळ्यांत देशावर तें सुकतें. पहिल्या वाद्यास थरांचें लाकूड असल्यास कांहींच बिघडत नाहीं. हवेचे फेरफार तें अधिक सोसतें. पिशवी, तारांचा एक जादा संच आणि खुंट्यांजवळ चिमट्यासारखें लावावयाचें स्वरमापक यंत्र एवढें साहित्य पुरे. हें यंत्र लाकडाचें कंपन ओळखतें, म्हणून घरांत कुकर शिट्ट्या देत असला तरी तारा जुळवितां येतात. डाव्या पायाखालीं ठेवावयास विकतचें तिवईसारखें साधन न आणतां घरचा पाट घ्यावा.

आतां कानांचा प्रश्न. गिटारचा पुष्कळसा अभ्यास जवळजवळ निःशब्द होऊं शकतो. कॉर्ड म्हणजे स्वरसंघ. एका कॉर्डवरून दुसरीवर डाव्या हाताचीं बोटें नेणें हें नवशिक्याचें सर्वांत कठीण काम, आणि त्यास तार छेडावी लागत नाहीं. एका मिनिटांत असे बदल किती होतात, तें रोज मोजून वहींत लिहावें. उजव्या हाताचा सराव करतांना घोडीजवळ तारांखालीं रुमालाची घडी सरकवावी, म्हणजे ताल कळतो पण नाद विरतो. नखीऐवजीं अंगठ्याच्या मांसल भागानें वाजविलें तरी आवाज उतरतो. लाकडी टेबलास गिटार टेकूं नये. टेबल स्वतःच नाद वाढवितें. गाद्या, कपडे, पुस्तकें असलेली खोली निवडावी आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर बसावें. खालच्या बिऱ्हाडास तारांपेक्षां पाय आपटून धरलेला ठेका अधिक जाचतो. पायाखालीं सतरंजी असावी. बैठक पंधरा मिनिटांची, दिवसांतून दोनदां. बोटांचीं टोकें प्रथम दुखतील व कांहीं आठवड्यांत घट्ट होतील. मनगट दुखूं लागलें, तर मात्र तत्काळ थांबावें.

परंतु सगळाच अभ्यास मुका करून भागणार नाहीं, हें वडिलांनीं नीट लक्षांत घ्यावें. रुमालानें दबलेली तार आपला दोष सांगत नाहीं. बोट पडद्यापासून दूर पडल्यानें झालेली खरखर, शेजारच्या तारेस चुकून लागलेलें बोट, अर्धवट दबलेला स्वर, हें सारें मोकळ्या नादांतच उघडें पडतें. शिवाय सदैव भीत भीत वाजविणाऱ्याचा हातही भित्रा होतो. म्हणून घरानें रोजची वीस-पंचवीस मिनिटें ठरवून द्यावीं. तीं आजींच्या वामकुक्षीच्या वेळेवर येऊं नयेत; थोरल्या चुलतभावाची परीक्षा असेल त्या महिन्यांत वेळ बदलावी; शेजारीही एकदां सांगून ठेवावें. एवढें ठरल्यावर त्या मिनिटांत कोणीही 'पुरे कर' म्हणूं नये, आणि तीं संपल्यावर मुलानेंही एक तार छेडूं नये. दोन्ही बाजूंनीं पाळावयाचा हा करार आहे.

पहिले तीन महिने त्या वीस मिनिटांत संगीत म्हणावें असें फारसें ऐकूं येणार नाहीं. तोच चुकलेला कॉर्ड पुनःपुन्हां वाजेल. तंबोऱ्याजवळ बसून पहिला 'सा' लावणाऱ्याचें तरी दुसरें काय होत असे? गिटार आणतांना तिची किंमत आपण एकदां मोजतों. ऐकून घेण्याची किंमत रोज थोडी थोडी मोजावी लागते. ती देण्याची घराची तयारी असेल, तरच वाद्य विकत आणावें.